फाटकावरचा मेंढपाळ

आप्पा, जुन्नरच्या आपल्या चर्चच्या नव्या फाटकावर आता एक मेंढपाळ आहे. डोक्याला मुंडासं, अंगावर घोंगडी, खांद्यावर कोकरू. तो मी काढलाय. तुम्ही चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हणत राहिलात, तर तुमच्या त्या देवळाच्या फाटकावर. म्हातारी माणसं म्हणतात, हा तर तुझ्या बापासारखा दिसतोय. दिसणारच. दुसरा मेंढपाळ मी इतक्या जवळून पाहिलाय कुठे? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायला मला आता थोडा वेळ थांबावं लागतं. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक रांगत होती. आज लिहायला बसले, कारण मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती ज्याला विचारावी असा माणूस आता जिवंत नाही. पण एकदम विचारण्याची हिंमत होत नाही. आधी काय झालं ते सांगते.

तुमच्या वेळी मी पाट्या रंगवायची. आता ब्रश कुणी हातात धरत नाही. जुन्या बाजाराच्या बोळात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दहाव्याचे बोर्ड, सगळं कॉम्प्युटरवर होतं. हे एसटीतून रिटायर झाले, आता दुकानात बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. एका दुपारी आपल्या चर्चचे नवे पाळक दुकानात आले. तरुण आहेत, नगरकडचे, माझ्या लेकीच्या वयाचे. चहा घेतला आणि म्हणाले, "मावशी, आपल्या मंडळीला लोगो पाहिजे." मी हसले. म्हटलं, "पाळकसाहेब, देवाला लोगो?" तर म्हणाले, "देवाला नाही, आपल्याला. नवीन फाटक बसतंय, त्यावर लागेल. लेटरहेडवर लागेल. गावात पतसंस्थेला लोगो आहे, जिमला आहे, वडापावच्या गाडीला आहे. रस्त्यानं जाणाऱ्याला कळलं पाहिजे, की आत कसली माणसं बसतात आणि ती काय धरून आहेत."

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र. कुणी म्हणालं क्रूस, कुणी म्हणालं उघडं पवित्र शास्त्र. कबुतर पाहिजे, दिवा पाहिजे. द्राक्षबागवाल्यांनी द्राक्षाचा घड सुचवला, तो शास्त्रातही आहे आणि जुन्नरातही. चर्चच्या पंचांपैकी एक रिटायर गुरुजी आहेत, त्यांना मागे डोंगर हवा होता आणि डोंगराआडून सूर्य. मी सगळं कागदावर उतरवलं आणि म्हटलं, एवढं सगळं घातलं तर आठवडे बाजार दिसेल. एकच काहीतरी सांगा. आपण कोण? मग मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "आमी मेंढरं राखनारी मानसं. आनखी कोन?" तिचं खरंच होतं, निम्मी मंडळी आपल्यासारख्याच घरांतून आलेली. पण पश्चिमेकडच्या डोंगरातला एक भातवाला लगेच उठला. "आमच्यात मेंढरं न्हाईत, बाय." मग डोकं खाजवत म्हणाला, "पर मेंढपाळ चालंल. त्यो काय तुमचा एकल्यांचा न्हाई." सगळे हसले, आणि तिथंच ठरलं. पाळकांनी शेवटी प्रार्थना केली, की आमची मंडळी हरवलेल्याच्या मागे जाणारी असू दे.

त्या दिवशी घरी जाताना मला येडगावची ती सकाळ आठवली. मी सात-आठ वर्षांची आहे. धरणाच्या अंगाला आपला तळ पडलाय आणि कोकणात उतरायच्या आधी तुम्ही मेंढरांच्या पाठीवर गेरूनं खुणा करताय. एक आडवी रेघ, तिच्याखाली ठिपका. आपल्या घराची खूण. तुम्ही पाणी प्यायला जाता आणि मी एका कोकराच्या पाठीवर फूल काढते, पाकळ्यांचं, देठाचं, चांगलं ऐसपैस. तुम्ही येता, बघता, आणि माझ्या हातातली गेरूची वाटी घेऊन बाजूला ठेवता. मारत नाही. पण तुमचा तो आवाज मला माराहून लागतो. "खून म्हंजे नक्षी न्हवं. ह्ये उद्या चुकून दुसऱ्याच्या कळपात गेलं, तर त्याला कसं कळायचं कुनाचं हाय? फूल बगून कोन आनून देनार?" मग तुम्ही ओल्या फडक्यानं ते फूल पुसता, कोकरू ओरडतं, मी ओरडते. पुढं मी चित्रकलेची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्हीच बाजारातून चपटा ब्रश आणि निळ्या ऑइलपेंटचा डबा आणलात. डबा माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "हां, आता काड फुलं." एवढं बोलून मेंढरांकडे गेलात. आयुष्यभर माझं पोट त्या ब्रशावर चाललं, आप्पा. तुम्हाला ते कधी सांगितलं की नाही, आठवत नाही.

मेंढपाळ काढायला मला बरेच दिवस लागले. इंटरनेटवर शेकडो मिळतात, पण सगळे पांढऱ्या झग्यातले, सोनेरी केसांचे, आणि कोकरू नुकतंच साबणानं धुतल्यासारखं. आपल्या लोकांनी तसा मेंढपाळ कधी बघितला नाही. तुमचा मेंढरांसोबतचा एकही फोटो घरात नाही, म्हणून मी आठवणीतून काढत गेले. तुम्ही कोकरू मानेवर आडवं टाकायचात आणि त्याचे चारही पाय छातीपुढे एका मुठीत धरायचात. दुसऱ्या हातात काठी. पुढे आडवा आलेला हात आणि उभी काठी जिथं एकमेकांना छेदतात, तिथं क्रूस आपोआप तयार झाला. तो मी मुद्दाम ठळक केला नाही. ज्याला दिसायचा त्याला दिसेल. लेक त्या आठवड्यात पोरीला घेऊन दुकानात आली होती. तुमची पणती, पाच वर्षांची. फ्लेक्सच्या कापलेल्या पट्ट्या कमरेला गुंडाळून ती दुकानभर पोलीस होऊन फिरत होती आणि आजोबांना दंड करत होती. मी चित्र पंचांना दाखवलं, पाळकांना दाखवलं. गुरुजींना सूर्य नसल्याचं वाईट वाटलं, पण तेही हो म्हणाले. बोर्ड कापायला द्यायचा तेवढा राहिला होता.

लेक बोरीला दिली आहे, बोरी बुद्रुकला. घर शेतात आहे, भोवती ऊस. आता आपल्याकडे बिबट्या उसातच जन्मतो, उसातच वाढतो. तुमच्या वेळी डोंगरात असायचा, तुम्ही रात्री आगटी पेटवून बसायचात. आता लोक दिवसाही पोरांना हाताशी धरून चालतात. लेकही धरायची. त्या दिवशी अंगणात कांदा निवडायचं काम चाललं होतं. संध्याकाळ होती, चांगला उजेड होता. पोरगी अनवाणी फिरताना दिसली, तर लेक तिच्यावर ओरडली, चपला कुठं टाकल्यास म्हणून. पाण्याच्या टाकीपाशी राहिल्या होत्या. टाकी अंगणाच्या कडेला, घरातून दिसणारी. लेक म्हणाली, जा, घेऊन ये. पोरगी गेली. लेकीनं दोन-चार कांदे निवडले असतील. मग कुत्रं भुंकलं.

जावयाचा फोन आला तो ह्यांनी उचलला. ह्यांच्या तोंडाकडे बघून मी दुकानाचं शटर ओढलं, का ते न विचारता. मोटारसायकलवरून जाताना मी वाटेत देवाला एकच शब्द म्हणत राहिले, नको, नको, नको. गाव सगळं उसात उतरलं होतं. बॅटऱ्या, काठ्या, ताटं वाजवणं. अंधार पडायच्या आत ती सापडली. एवढंच लिहिते, आप्पा. ह्याच्यापुढचं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही.

माती दिल्यावर लोक लेकीजवळ येऊन बसत होते. एक बाई, चांगल्या मनाची आहे, लेकीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "देवाला चांगली फुलंच आवडतात गं." लेक तोवर रडत नव्हती, बोलत नव्हती. तिनं मान वर केली. "मग त्यानं स्वतःच्या वाफ्यातली तोडायची की. माझी एकच व्हती." ती बाई उठून गेली. नंतर लेक मला म्हणाली, "आई, मी तिला चपलेवरनं वरडले. तिनं ऐकलेलं माझं शेवटचं बोलनं ते." मी म्हटलं, तुझी चूक नाही. मी ते अनेक वेळा म्हटलं. तिला ते ऐकूच येत नाही. चपला अजून टाकीपाशी आहेत. उचलायची कुणाची छाती होत नाही. वनखात्यानं पिंजरा लावला, एक बिबट्या सापडला. तोच की दुसरा, कुणी सांगावं? लोक बघायला गेले, जावईही गेला. परत आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "लई बारीक व्हता ओ, मामी. पोरच व्हतं त्ये पन." लेक चर्चला यायची बंद झाली. मी जात राहिले, पण कशी? गुडघे टेकायचे आणि एक शब्द सुचायचा नाही. दुकानात वाढदिवसाचे बॅनर घेणं बंद केलं. लेकरांचे फोटो मोठे करायला हात धजत नाही. गिऱ्हाइकाला काय सांगायचं, म्हणून मशीन बिघडलंय असं सांगते.

मग पाळक आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "मावशी, तो लोगो राहू द्या. मी पंचांशी बोललोय. आपण दुसरं काहीतरी घेऊ. साधा दिवा घेऊ."

"का?"

"ताईंना ते बघवणार नाही. खांद्यावर कोकरू... आणि तुम्हालाही."

माझं काय झालं कळलं नाही, आप्पा. मी आयुष्यात कुठल्या पाळकावर आवाज चढवला नव्हता. "लोगोतून काढाल, शास्त्रातून पण काढणार का? दर चार रविवारांनी तुम्ही तेच सांगता ना, एक हरवलं की बाकीची सोडून तो त्याच्या मागे जातो? मग त्या संध्याकाळी कुठं होता तो? पोरगी चपला आणायला गेली होती. डोंगरात नव्हती गेली. अंगणातच होती." बोळातली माणसं थांबून आत बघायला लागली. ह्यांनी माझा दंड धरला. पाळक म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी. मी पण रोज तेच विचारतो." त्यांचे डोळे भरले होते. दुसरा कुणी असता तर शास्त्राचं एखादं वचन तोंडावर फेकलं असतं. ह्या पोरानं माहीत नाही म्हटलं, म्हणून मी त्याला माफ केलं. पण बाकी कुणाला माफ करायचं ते कळेना.

ते गेल्यावर मी फाइल उघडली. दिवा काढायचा नव्हता मला. पण कोकरूही ठेववेना. कॉम्प्युटरवर कोकरू काढून टाकायला एक बटण पुरतं. ते दाबलं. मेंढपाळ तसाच राहिला, मान थोडी पुढे झुकलेली, खांदे रिकामे, आणि छातीपुढे ती मूठ, नसलेले पाय धरून बसलेली. मी त्याचा प्रिंट काढला आणि भिंतीवर चिकटवला. मला वाटलं, हे खरं आहे. आपली मंडळी आता अशीच आहे. गुरुजी येऊन बघून गेले. "अहो, हे काय? रिकाम्या खांद्याचा मेंढपाळ? लोक विचारतील, मेंढरू कुठंय." मी म्हटलं, "विचारू द्या की."

बाजाराच्या दिवशी लेक आली. कितीतरी दिवसांनी ती जुन्नरात आली होती, जावयासोबत, औषध न्यायला. अंगावर साडी टांगल्यासारखी लोंबत होती. दुकानात आली, स्टुलावर बसली, आणि तिची नजर भिंतीवर गेली. मी मध्ये उभी राहायला गेले, पण उशीर झाला होता. ती उठून जवळ गेली. त्या रिकाम्या खांद्यांवरून तिनं बोट फिरवलं.

"आई, हितं कोकरू व्हतं ना?"

"होतं. काढलं."

"का?"

मला वाटलं होतं तिला समजेल. मी म्हटलं, "तुला बघवलं नसतं, बाळा. मलाही नाही."

ती माझ्याकडे वळली. "तुला ठाऊक न्हाई. तू मोबाइलवर पाठवलं व्हतं ते चित्र, तिला मी दाखवलं व्हतं. ती सगळ्यांना सांगत फिरायची, ह्ये कोकरू मीच हाय. मास्तरीनबाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. आन तू तिला हितनंबी काढलंस?"

ह्यांनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला, तो तिनं घेतला नाही. "परत बसव तिला," ती म्हणाली. "आत्ता बसव. माझ्यासमोर." मी कॉम्प्युटरपुढे बसले. जुनी फाइल काढली, कोकरू परत आलं. लेक माझ्या मागे उभी राहून बघत होती. तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

"हे खोटं वाटतं मला," ती म्हणाली. "एकदम खोटं. पन लाव. फाटकावर लाव. मोठ्ठं लाव."

"मग येशील का गं चर्चला?"

"आत न्हाई येनार. फाटकापातुर येईन. मला त्याला विचारायचंय. तिला धरलं व्हतंस ना, मग सोडलं कसं. दर ऐतवारी विचारीन."

बोर्ड लागला. पंचांमध्ये कुरबुर झाली, गुरुजी म्हणाले की हे माझ्या लेकीशी क्रूरपणाचं होईल. मी सांगितलं, तिनंच मागितलंय. बोर्ड चढवताना भातवाल्यानं खालून शिडी धरली होती. काम झाल्यावर तो टोपी काढून फाटकापुढे बराच वेळ उभा राहिला.

तेव्हापासून दर रविवारी लेक येते. जावई मोटारसायकल रस्त्याच्या पलीकडे लावून तिथंच सीटवर बसतो. ती फाटकापुढे येऊन उभी राहते आणि वर बघत राहते. लोक तिच्या बाजूनं खाली माना घालून आत जातात. घंटा होते, गीत सुरू होतं, प्रवचन होतं, आणि ती तिथंच. पहिल्या रविवारी बायका तिला हाताला धरून आत न्यायला गेल्या, तर तिनं हात सोडवून घेतले. पाळकांनी सगळ्यांना सांगितलं, तिला कुणी ओढायचं नाही. आता ते प्रवचनाला उभे राहतात तेव्हा दरवाजा उघडा ठेवायला लावतात आणि जरा मोठ्यानं बोलतात. मी आत बाकावर बसलेली असते. मला पुढचं काही ऐकू येत नाही, माझी पाठ तेवढी दरवाजाकडे कान लावून असते. आप्पा, ती जेवत नाही. एकदा बोरीला गेले तर दिसलं, जावयानं विहिरीच्या कठड्याला लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलंय. किल्ली त्यानं गळ्यात घातलीय.

आता विचारते. कोकणातून परत आलात त्या वर्षी तुमच्यासोबत माझा धाकटा भाऊ नव्हता. ताप आला, दवाखाना लांब होता, आणि तुम्ही त्याला तिकडंच, घाटाखाली, कुठल्याशा माळावर माती देऊन आलात. आई मला एवढंच सांगू शकली. त्यानंतर तुम्ही देवळात पाऊल टाकलं नाही. दर रविवारी आम्हाला घेऊन यायचात आणि स्वतः बाहेर चिंचेखाली घोंगडी टाकून बसायचात, दरवाजाकडे पाठ करून. मी एकदा तुम्हाला बोलवायला आले. तुम्ही म्हणालात, "तू जा. माजं भांडान हाय." मी आत येऊन आईला विचारलं, कुणाशी भांडण, तर तिनं माझं तोंड दाबलं. तो पावसाळा गेला, कोकणची आणखी एक फेरी झाली. मग एका रविवारी, गीत चालू असताना मधेच तुम्ही आत आलात. शेवटच्या बाकावर बसलात. गुडघ्याची धूळ झटकलीत आणि सगळ्यांसोबत गायला लागलात, नेहमीसारखं बेसूर. आईनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, फक्त तिचं गाणं थांबलं.

त्या दिवशी काय झालं होतं, आप्पा? चिंचेखाली तुम्हाला कुणी काही सांगितलं का? उत्तर मिळालं म्हणून आत आलात, की मिळणारच नाही हे कळलं म्हणून? की नुसते थकलात? तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, आणि जिवंत होतात तेव्हा तुम्हाला हे विचारावं असं मला एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं, मोठी माणसं अशी रुसतात आणि मग येतात. आता मला ते माहीत असायला पाहिजे होतं. मला लेकीला काहीतरी द्यायला पाहिजे होतं. माझ्याजवळ काहीच नाही. तिला खोटं सांगितलं तर कळतं आणि खरं मला ठाऊक नाही. ती हातातून चाललीय, आप्पा. एकीला उसातून आणलं, दुसरी रोज माझ्यासमोर थोडी थोडी चाललीय आणि मला ओरडताही येत नाही.

गेल्या रविवारी मी गीताच्या मधेच उठले. लोक बघत राहिले. बाहेर जाऊन लेकीच्या शेजारी उभी राहिले. ती म्हणाली, "तू कशाला आलीस? आत जा." मी म्हटलं, "मला पण गाता येत नाही." मग आम्ही दोघी तिथं उभ्या राहिलो. ऊन चढत होतं. शेवटी जावयानं रस्त्यापलीकडून येऊन आमच्या डोक्यावर छत्री धरली आणि तोही उभा राहिला. कितीतरी दिवसांनी लेक माझ्या खांद्याला टेकली, जराशीच. उपासना सुटायच्या आधी ती बोर्डाकडे बघतच म्हणाली, "आई, ह्यो माझ्याकडं का बगत न्हाई?"

"कोकराकडं बघतोय तो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही. पण जाताना म्हणाली, पुढच्या ऐतवारी येते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर, बॅनरच्या फाइलींमध्ये पडून राहील. पण लेकीला जे सांगितलं ते खरं नव्हतं, एवढं तुम्हाला सांगते. तो कोकराकडे बघत नाही. सगळे म्हणतात, त्याची वळलेली मान किती मायेची आहे. बोर्ड कापायला द्यायच्या आधी मी त्याचे डोळे समोर बघणारेच काढत होते, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक वेळी तो काहीतरी उत्तर देणार असल्यासारखा दिसायचा. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. म्हणून मी त्याची मान वळवली.